नवे निऑन मरतात, जुने मासे मात्र ठणठणीत: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

शनिवारी संध्याकाळी दहा निऑन टेट्रा मासे घरी येतात. रविवारी सगळे एका कोपऱ्यात अंग चोरून बसतात, सोमवारी सकाळी तीन तळाशी पडलेले दिसतात आणि पुढच्या शनिवारपर्यंत एखाददुसराच उरतो. त्याच टँकमधले जुने गुरामी, मॉली, प्लेको मात्र खाऊनपिऊन मजेत असतात. महिन्याभरानं पुन्हा दहा आणले जातात आणि पुन्हा तेच होतं.

हा प्रकार मी आधी माझ्या कोथरूडच्या घरी तीनदा भोगला. मग आमच्याच बिल्डिंगमधल्या दोन घरांत, वाघोलीला आतेभावाकडे, बाणेरला मैत्रिणीकडे असा निस्तरत गेलो. निऑन, कार्डिनल, रमीनोज, रास्बोरा, झेब्रा, कोणतेही घोळक्यानं राहणारे छोटे मासे असोत, कारण दर घरी वेगळं निघतं. शोधायची वाट मात्र तीच असते.

जवळजवळ प्रत्येक घरी एक वाक्य ऐकू येतं: "पाणी चांगलंच आहे हो, जुन्या माशांना कुठे काय झालंय?" इथेच घोडं अडतं. जुने मासे त्या पाण्यात महिनोन् महिने मुरलेले असतात. पाणी रोज थोडं थोडं बिघडत गेलं आणि ते त्याला सरावत गेले. शिवाय गुरामी पाण्याच्या वर तोंड काढून थेट हवेतला श्वास घेऊ शकतो, म्हणून पाण्यात प्राणवायू कमी असला तरी त्याचं भागतं. मॉलीला जड, क्षारांचं पाणी मानवतंच. निऑनला यातलं काहीच जमत नाही आणि तो दुकानाच्या पाण्यातून तुमच्या पाण्यात तासाभरात उतरतो. तेव्हा जुन्या माशांची तब्येत हा पाणी चांगलं असल्याचा पुरावा धरू नका.

लक्षणं, आणि ती केव्हा दिसली

काय दिसलं याच्या इतकंच केव्हा दिसलं हे महत्त्वाचं आहे. कोणाच्याही घरी गेलो की मी पहिल्यांदा हेच विचारतो.

- सोडल्यापासून काही तासांत मासे वेडेवाकडे पळतात, उड्या मारतात, कडेला आडवे होतात: क्लोरिन, कीटकनाशक किंवा तापमानातला मोठा फरक.
- पहिल्या दिवसापासून चौथ्या दिवसापर्यंत रोज एक-दोन जातात, रंग फिका, पर मिटलेले, कोपऱ्यात गोळा: दुकानाच्या आणि तुमच्या पाण्यात फार फरक. मला सर्वांत जास्त वेळा हेच सापडलं आहे.
- तोंड वर करून पृष्ठभागाशी धापा टाकतात, कल्ले भराभर हलतात: प्राणवायू कमी, किंवा माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारी विषं, म्हणजे अमोनिया किंवा नायट्राइट.
- चार-पाच दिवसांनंतर अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, दगडाला अंग घासणं: पांढऱ्या ठिपक्यांचा रोग.
- तोंडाभोवती किंवा पाठीवर पांढुरका थर आणि एक-दोन दिवसांत मृत्यू: जिवाणूंचा संसर्ग, बहुधा कॉलम्नॅरिस.
- दोन-तीन आठवड्यांनी एकेक मासा घोळका सोडून एकटा फिरू लागतो, निळा पट्टा मधूनच पुसल्यासारखा होतो, पाठ वाकते: याबद्दल शेवटी लिहिलं आहे, कारण त्याला उपाय नाही.
- मासे मेलेले दिसतच नाहीत, नुसते कमी होतात: मग पाणी तपासण्याआधी टँकमध्ये मोठा एंजल आहे का ते पाहा. एंजलफिशच्या तोंडात मावेल इतका निऑन त्याचं नैसर्गिक खाद्य आहे. झेब्रा असतील तर स्टँडच्या मागे फरशीवरही बघा, ते झाकणाच्या फटीतून उडी मारतात. फिल्टरच्या तोंडाला स्पंज नसेल तर अशक्त मासा तिथे चिकटून ओढला जातो.

एक पैसाही न घालता: मागच्या दोन दिवसांत घरात काय झालं?

मासे आणायचे म्हणून टँक घासूनपुसून लख्ख केला का? पाहुणे येणार म्हणून घर धुवून काढावं तसं लोक करतात. खडी धुतात, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळतात, सगळं पाणी बदलतात आणि त्याच संध्याकाळी दहा नवे मासे सोडतात. माशांची घाण पचवणारे जिवाणू त्या स्पंजात आणि खडीत राहतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिननं ते मारले गेले की टँक दिसायला स्वच्छ आणि आतून अगदी नवा होतो, आणि त्यात एकदम दहा माशांचा भार येतो. स्पंज धुवायचा तर टँकमधूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत पिळायचा, तोही मासे आणण्याच्या आठवड्यात नाही.

वार कोणता होता? पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद असतं आणि शुक्रवारी ते उशिरा, कमी दाबानं येतं, हे सांगायला नको. बंद-चालूनंतरचं पाणी बरेचदा गढूळ असतं आणि कधी क्लोरिनचा वास मारतो. पावसाळ्यात धरणातूनच गढूळ पाणी येतं, तेव्हाही असंच. शुक्रवारी रात्री पाणी बदलायचं आणि शनिवारी मासे आणायचे, हा सुट्टीच्या दृष्टीनं सोयीचा क्रम माशांच्या दृष्टीनं वाईट आहे. आमच्याकडे मी पाणी मंगळवारी-बुधवारी बदलतो.

सोसायटीची टाकी धुतली का? हा प्रश्न कोणाच्या डोक्यात येत नाही, पण माझे एका वेळचे आठ कार्डिनल यातच गेले. गच्चीवरची आणि जमिनीखालची टाकी धुताना ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट वापरतात. नंतरच्या पहिल्या पाण्यात त्याचा अंश राहू शकतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकी धुण्याची सूचना आली की दोन-तीन दिवस टँकला हात लावायचा नाही.

घरात पेस्ट कंट्रोल, झुरळांचा स्प्रे, डासांची लिक्विड मशीन, बाहेर धुरळणी? या औषधांत बहुधा पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशकं असतात आणि ती माशांना अत्यंत विषारी असतात. एअर पंप खोलीतली हवा ओढून सरळ पाण्यात सोडतो, म्हणून तो धोका थेट आत जातो. फवारणीच्या वेळी टँक ओल्या चादरीनं झाकायचा आणि पंप तेवढा वेळ बंद ठेवायचा. खोलीची हवा पूर्ण खेळती झाली की लगेच सुरू करायचा. डासांचं मशीन टँकच्या खोलीत नकोच. आणि हो, पाण्यात हात घालण्याआधी हात साबण, सॅनिटायझर, ओडोमॉस यांपासून मोकळे हवेत.

दुकानात उभं राहून करायची तपासणी

दुकानदाराला विचारायचं, "माल कधी आला?" पुण्यात येणारे मासे बरेचदा मुंबईतल्या कुर्ल्याच्या बाजारातून, कोलकात्याहून किंवा चेन्नईच्या कोळत्तूरहून येतात. पिशवीत दाटीवाटीनं, उपाशी, रात्रभराचा प्रवास करून आलेला मासा दुकानात उतरतो आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा पिशवीत बंद होऊन तुमच्याकडे येतो. दोन धक्के लागोपाठ. मी मालाला आठवडा झाल्याशिवाय घेत नाही. चांगला दुकानदार यावर रागवत नाही. उलट माझा नेहमीचा दुकानदार हवे तेवढे मासे बाजूला ठेवून आठवड्यानं ये म्हणतो.

टँकसमोर पाच मिनिटं उभं राहायचं. त्याच पाण्यात एखादा मेलेला मासा आहे का, पोट आत गेलेलं आहे का, कोणी घोळक्याबाहेर आहे का. एकात जरी दोष दिसला तर त्या टँकमधले बाकीचेही घ्यायचे नाहीत, कारण पाणी एकच आहे. थोडं खाद्य टाकायला सांगा. जे निऑन खायला धावत येत नाहीत, ते तुमच्या घरीही येणार नाहीत. आकार लहान म्हणून अगदी पिल्लं निवडू नका. सेंटिमीटरभराच्या पिल्लांना उपास सोसत नाही. दोन सेंटिमीटरच्या पुढचे निवडावेत.

आणताना पिशवी स्कूटरच्या हुकला लटकवून एप्रिलच्या दुपारी आणायची नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून, जमल्यास थर्माकोलच्या डब्यात, संध्याकाळी.

पिशवीतून टँकमध्ये

अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासाला सोपी पद्धत पुरते. पिशवी बंद ठेवूनच पंधरा-वीस मिनिटं टँकमध्ये तरंगू द्या, म्हणजे तापमान सारखं होईल. मग उघडून दर पाच-सात मिनिटांनी अर्धी वाटी टँकचं पाणी पिशवीत घाला. पाऊण तासानं मासे जाळीनं उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही. दुकानाचे रोग त्यातूनच येतात.

ऑनलाइन मागवलेले, दिवस-दोन दिवस बंद पिशवीत असलेले मासे असतील तर गोष्ट वेगळी आहे. पिशवीत माशांच्या श्वासानं कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्ल होतं. त्या उतरलेल्या पीएचमुळेच साठलेला अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया काही मिनिटांत जहाल होतो. अशी पिशवी उघडून तासभर थेंब-थेंब पाणी घालत बसणं म्हणजे माशांना त्यातच ठेवणं. तिथे तापमान जुळवायचं, उघडायचं आणि लगेच मासे बाहेर काढायचे. मात्र त्यासाठी समोरचं पाणी आधीच त्यांच्या मूळ पाण्याच्या जवळचं तयार ठेवावं लागतं. विकणाऱ्याला त्याच्या पाण्याचा पीएच आणि टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) आधीच विचारून घ्या.

सोडल्यावर त्या दिवशी लाइट बंद, खाद्य बंद. दुसऱ्या दिवशी चिमूटभर.

किती आणायचे? सहापेक्षा कमी नकोत, आठ-दहा उत्तम. "दोन आणून बघू, जगले तर आणखी आणू" हा विचार समजण्यासारखा आहे, पण दोनच निऑन सतत भेदरलेले राहतात आणि भीतीनंच खंगतात. टँक मुरलेला असेल तर सहा-आठ एकदम आणा आणि आठवडाभर खाद्य निम्मं ठेवा. टँक महिन्या-दीड महिन्यापेक्षा नवा असेल तर निऑन सध्या नकोतच; झेब्रापासून सुरुवात करा, ते काटक असतात.

थर्मामीटर आणि क्लोरिनचं औषध: दोन स्वस्त वस्तू

निऑनला २२ ते २६ अंश मानवतं, कार्डिनलला थोडं अधिक उबदार. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बारावर येतो, तेव्हा हीटर नसलेल्या टँकचं पाणी विशीपर्यंत उतरतं. दुकानात शंभर टँक, दिवे आणि पंप यांच्या उबेत राहिलेला मासा त्यात आला की आठवड्यात पांढरे ठिपके ठरलेले. हीटर साधारण लिटरला एक वॉट या हिशेबानं घ्या. एप्रिल-मेमध्ये उलटं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.५. त्यात रात्री वीज गेली आणि पंप थांबला की पहाटे धापा. बॅटरीवरचा एअर पंप घरात असावाच. पाण्यात बर्फ टाकू नका. झाकण काढून वरून छोटा पंखा सोडला की दोन-तीन अंश सहज उतरतात.

क्लोरिनसाठी दुकानात मिळणारं अँटी-क्लोरिन, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, बाटलीवरच्या मात्रेनं बादलीतच मिसळायचं आणि मग पाणी टँकमध्ये घालायचं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन उरावा अशी भारतीय मानकाचीच अपेक्षा आहे. आपल्याला तो हवाच. माशांच्या कल्ल्यांना तेवढाही बाधतो. औषध नसेल तर बादली दिवसभर उघडी ठेवून त्यात एअर स्टोन सोडा. तुमच्या सोसायटीत पोहण्याचा तलाव असेल तर तिथल्या माणसाकडे क्लोरिन आणि पीएच तपासायचं किट असतं. चार थेंबांचं काम आहे, सहसा कोणी नाही म्हणत नाही.

टीडीएस: बहुतेक घरांचं उत्तर इथे मिळतं

घरी आरओ दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाच्या खिशात पेनासारखा टीडीएस मीटर असतो. तो उसना घ्या किंवा विकत घ्या, फार महाग नाही. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते तो सांगतो. तीन आकडे लिहून ठेवा: दुकानाच्या पिशवीतलं पाणी, तुमचा नळ, तुमचा टँक.

खडकवासल्याचं किंवा पवनेचं पाणी पावसाचं साठवलेलं, म्हणून सौम्य असतं. बोअरचं पाणी बेसॉल्टच्या खडकातल्या भेगांमधून आलेलं, म्हणून जड. टँकरचं पाणी कुठल्या विहिरीचं हे टँकरवाल्यालाच ठाऊक. एकाच सोसायटीत सकाळी धरणाचं, दुपारी बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं पाणी एकाच टाकीत पडतं. त्यामुळे मागच्या वेळी जगले म्हणून या वेळी जगतील असं धरता येत नाही.

वाघोलीच्या आतेभावाकडे काय झालं ते सांगतो. टँक चार वर्षांचा. पाणी बदलायचा कंटाळा, पण रोज वाफेनं जितकं कमी होईल तितकं वर भरायची शिस्त पक्की. भरणी टँकरच्या पाण्यानं. वाफ होताना पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. त्यावर पुन्हा क्षारांचं पाणी. दुकानाच्या पिशवीत मीटरनं दीडशे दाखवलं, नळाला साडेचारशे, टँकमध्ये अकराशे. मॉली मात्र त्यात पिल्लं देत होत्या! दादानं दोन वर्षांत पाच वेळा निऑन आणले होते आणि दर वेळी दुकान बदललं होतं. दोष एकाही दुकानदाराचा नव्हता.

माशाच्या शरीरातले आणि बाहेरच्या पाण्यातले क्षार यांचा तोल त्याचे कल्ले आणि मूत्रपिंडं सांभाळतात. बाहेरचं पाणी एकदम बदललं की तो तोल बसायला काही दिवस लागतात. दीडशेवरून अकराशेवर नेताना तुम्ही तासभर थेंब सोडा की तीन तास, फार फरक पडत नाही. माझा स्वतःचा ढोबळ नियम असा: फरक शंभर-दीडशेच्या आत असेल तर वरची वाटीची पद्धत, तीनशेपर्यंत असेल तर मेडिकलमधून सलाईनचा सेट आणून बादलीत दोन तास थेंबथेंब, त्याहून जास्त असेल तर मासे आणायचेच नाहीत, आधी टँकचं पाणी सुधारायचं.

निव्वळ आरओचं पाणी भरून सुधारू नका. त्यात क्षार जवळजवळ नसतातच आणि पीएच सांभाळायला काही उरत नाही. आरओ आणि नळाचं पाणी मिसळून वापरा. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र झाडांना किंवा फरशीला. त्यात तर क्षार आणखी दाट झालेले असतात.

अमोनिया, नायट्राइट, पीएच: किटचा खर्च करण्याची वेळ

टीडीएस जुळत असूनही मरतात, तर थेंबांचं किट घ्या. पट्ट्यांपेक्षा थेंब भरवशाचे. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट. नव्या टँकमध्ये ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत. नायट्रेट लिटरमागे वीस मिलिग्रॅमच्या आत असेल तर छान, चाळीसच्या वर असेल तर पाणी बदलणं कमी पडतंय.

नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनवर परिणाम करतो, म्हणून पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो आणि त्याचे कल्ले लालऐवजी तपकिरी दिसतात. पाणी बदलेपर्यंतचा तात्पुरता आधार म्हणजे लिटरमागे अर्धा ते एक ग्रॅम खडेमीठ, आधी मगभर पाण्यात विरघळवून. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

आता सर्वांत धोक्याची जागा. वर्षानुवर्षं दुर्लक्षित, धरणाच्याच सौम्य पाण्याचा टँक. अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातली क्षारता, म्हणजे पीएच सावरून धरण्याची ताकद, खर्च होते. सौम्य पाण्यात ती मुळातच थोडी. ती संपली की पीएच घसरतो, आणि सहाच्या आसपास आल्यावर जिवाणूंचंही काम मंदावतं, अमोनिया साठू लागतो. पण इतक्या कमी पीएचला तो जवळजवळ सगळा अमोनियम या निरुपद्रवी रूपात असतो, म्हणून जुने मासे निवांत. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला शंभरात अर्धा-पाऊण भागच विषारी असतो. पीएच ८ झाला की पाचेक भाग. पीएच एकनं चढला की विष सुमारे दसपट.

अशा टँकच्या मालकाला कोणीतरी सांगतं की पाणी खराब आहे, निम्मं बदल. तो भल्या मनानं निम्मं बदलतो, पीएच सहावरून साडेसातवर जातो आणि रात्रीत नवे-जुने सगळे मासे जातात. बाणेरला मी पोहोचलो तेव्हा नेमकं हेच होऊन गेलं होतं. सहा वर्षांचे गुरामी होते ते. म्हणून पीएच साडेसहाच्या खाली आणि अमोनिया दिसतोय, अशी जोडी आढळली तर रोज फक्त पाच ते दहा टक्के पाणी बदला, दोन-तीन आठवडे, खाद्य अगदी कमी. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत मूठभर कोरलचे तुकडे किंवा शिंपले ठेवा. ते सावकाश विरघळून क्षारता भरून काढतात. या काळात एकही नवा मासा नाही. टीडीएस चढलेल्या टँकलाही हाच इलाज: थोडं थोडं, रोज. वाघोलीचा टँक अकराशेवरून चारशेच्या खाली यायला पाच आठवडे लागले, तेही भरणीसाठी अर्धं आरओचं पाणी वापरून. मग आणलेले दहा निऑन सगळे आहेत.

वेगळा टब: कष्टाचं काम, पण इथेच रोग अडतो

पाणी सगळ्या बाजूंनी ठीक आणि तरी आठवड्यानं आजार, तर तो दुकानातून आलेला आहे. वीस-तीस लिटरचा प्लास्टिकचा टब, स्पंज फिल्टर, लपायला एखादं मडक्याचं खापर, वर जाळी. स्पंज आधी महिनाभर मोठ्या टँकमध्ये मुरवून ठेवायचा, म्हणजे टबात जिवाणू पहिल्या दिवसापासून तयार. नवे मासे इथे दोन ते चार आठवडे. टबाचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो: टबातलं पाणी सुरुवातीला दुकानासारखं ठेवून रोज मगभर टँकचं पाणी मिसळत नेलं की तो क्षारांचा फरक आठवड्यात बिनबोभाट मिटतो.

पांढरे ठिपके दिसले तर औषध टबात, मोठ्या टँकमध्ये नाही. निळं औषध, म्हणजे मेथिलीन ब्लू, फिल्टरच्या जिवाणूंनाही मारतं. ठिपके गळून पडले म्हणजे रोग गेला असं नाही. औषध फक्त पाण्यात पोहत असलेल्या परजीवीवर चालतं, अंगावरच्या ठिपक्यातल्यावर नाही, म्हणून ठिपके गेल्यावरही बाटलीवर लिहिलेले दिवस पूर्ण करा. ठिपक्यांवरचं दुसरं औषध म्हणजे मॅलाकाइट ग्रीन; टेट्रा मासे त्याला नाजूक असतात, त्यांना अर्धी मात्रा.

निळा पट्टा पुसट होणं, एकटं फिरणं, पाठ वाकणं हे निऑनच्या रोगाचं लक्षण असू शकतं. तो प्लिस्टोफोरा नावाच्या सूक्ष्म परजीवीमुळे होतो आणि स्नायूंत घर करतो. त्यावर खात्रीचं औषध नाही. असा मासा लगेच वेगळा करा. मेलेला मासा इतरांनी खाल्ला तर रोग पसरतो, म्हणून रोज सकाळी मोजणी करा. मेलेला मासा कुंडीत पुरा. आजारी असो वा नको झालेला, मासा मुठेत किंवा पाषाण तलावात सोडू नका.

कुठे थांबायचं, कोणाला बोलवायचं

पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्या किंवा झटका बसला तर हात काढा, मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. बहुधा हीटरची काच तडकलेली असते. तिथे स्वतः काही करायचं नाही.

काचेच्या जोडातून पाणी झिरपत असेल तर टँक बनवणाऱ्याला बोलवा. भरलेल्या शंभर लिटरच्या टँकचं वजन शंभर किलोंच्या वर जातं. तो सरकवायचाही नाही.

एकाच दिवशी नवे-जुने सगळे तडफडत असतील तर हवा वाढवा, अँटी-क्लोरिन घाला, पीएच आणि अमोनिया बघा. वरची धोक्याची जोडी नसेल तर क्लोरिन काढलेल्या पाण्यानं तिसरा हिस्सा बदला. सहा तासांत फरक नाही तर पुढचे प्रयोग करू नका, माशांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठा. लाल जखमा, सुजलेलं पोट, उभे राहिलेले खवले असतील तरीही तेच. घरातली माणसांची अँटिबायोटिक फोडून पाण्यात टाकू नका.

मासे महिनोन् महिने झिजत, पाठ वाकून मरत असतील तर ते माशांचा क्षयही असू शकतं. त्याचे जिवाणू हातावरच्या जखमेतून माणसाच्या त्वचेत शिरतात. हाताला कापलं असेल तर लांब हातमोजे घाला. बोटावर किंवा हातावर आठवडे बरी न होणारी गाठ वा फोड आला तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि घरी फिशटँक आहे हे आपणहून सांगा, नाहीतर निदानाला उशीर होतो.

वरचं सगळं करूनही दोनदा आणलेले मासे गेले तर तिसऱ्यांदा आणण्याआधी पशुवैद्याला दाखवाच. जाताना नुकता मेलेला नाही, जिवंत आजारी मासा त्याच्याच पाण्यात न्या. वेगळ्या स्वच्छ बाटलीत अर्धा लिटर टँकचं पाणी, दुसऱ्या बाटलीत नळाचं. टीडीएस, पीएच, अमोनिया, नायट्राइट, तापमान यांचे तारखेवार आकडे एका कागदावर, कोणतं औषध किती दिलं ते त्याखाली, आणि मोबाइलमध्ये टँकचा दोन मिनिटांचा व्हिडिओ, लाइट चालू असताना काढलेला.